अनियमित ठोका कायम राहिला तर उपचार कसा ठरवायचा: कोकणातल्या घरांसाठी

ईसीजीच्या कागदावर डॉक्टर ‘एएफ’ लिहितात, दोन-तीन गोळ्या देतात आणि महिन्याने यायला सांगतात. खरे प्रश्न घरी आल्यावर सुरू होतात. ताल जागेवर आणणारा विजेचा शॉक घ्यायचा का? मुंबईला नेऊन ॲब्लेशन, म्हणजे नळ्या घालून हृदयात चट्टे पाडायचा उपाय, करायचा, की गोळ्यांवरच राहायचे? आणि ती रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर कशासाठी?

माझी आई देवगड तालुक्यात राहते, मामा मालवणला. दोघांनाही एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हाच एएफ, ठोका बेताल होण्याचा आजार, आहे. आईने ताल परत आणायचा प्रयत्न केला नाही, मामाने केला, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते असे माझे ठाम मत आहे. मी डॉक्टर नाही. कोणती गोळी सुरू करायची आणि कोणती थांबवायची हे डॉक्टरच सांगतील. पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचे आणि कोणत्या क्रमाने विचार करायचा, हे घरच्यांना माहीत असले तर निर्णय पुष्कळ चांगला होतो.

या आजारात तीन वेगळे प्रश्न असतात. गुठळी कशी टाळायची, ठोक्यांची गती कशी आवरायची आणि बिघडलेला ताल परत आणायचा का. लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण शॉक आणि ॲब्लेशन डोळ्यांत भरतात. आयुष्य वाचते ते बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नावर. म्हणून तिन्हींची उत्तरे वेगवेगळी शोधायची आणि क्रम मोडायचा नाही.

पहिली पायरी: आजाराचे नाव कागदावर नक्की करून घ्या

मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे आणि एएफ यांत फार फरक आहे. सुटे जादा ठोके बहुतेकांना कधी ना कधी येतात आणि निरोगी हृदयात ते सहसा त्रास देत नाहीत. एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे आकुंचन पावायचे सोडून मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा नुसते थरथरतात. वरच्या-खालच्या कप्प्यांच्या मध्ये संदेश पुढे पाठवणारी एक गाठ असते; तिच्यातून त्यातले थोडेच संदेश खाली पोचतात, तेही कसेही, म्हणून नाडी पूर्ण बेताल लागते. मनगटावर अंगठ्याच्या रेषेत तीन बोटे ठेवा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर इथे आकडा चुकतो. घड्याळाने किंवा मोबाइलने इशारा दिला तर तो गंभीरपणे घ्या, पण निदान बारा लीडच्या ईसीजीवरच होते. त्या ईसीजीचा फोटो तारखेसह फोनमध्ये ठेवा. पुढचा प्रत्येक डॉक्टर तो मागणार आहे.

ताल आपोआप सात दिवसांच्या आत जागेवर येत असेल तर आजार येऊन-जाऊन आहे. सात दिवसांहून जास्त टिकला तर त्याला पर्सिस्टंट म्हणतात, आणि वर्ष उलटून गेले की दीर्घकाळचा पर्सिस्टंट. ‘पर्मनंट’ हा शब्द मात्र हृदयाची अवस्था सांगत नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ताल परत आणायचा नाही असे ठरवले की तो शब्द लिहितात. तुम्हाला न विचारता कुणी तो लिहिला असेल तर विचारा, हे कधी ठरले?

यानंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो. त्याच्या रिपोर्टमधल्या तीन गोष्टी वेगळ्या लिहून घ्या: मायट्रल झडप अरुंद आहे का, हृदयाचे पंपिंग म्हणजे ईएफ किती टक्के आणि डावा वरचा कप्पा किती मोठा झालाय. पुढचा प्रत्येक निर्णय या तीन उत्तरांवर उभा राहतो. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि यकृताच्या चाचण्या हव्यात. थायरॉइड वाढलेला असेल तर आधी तो आवरायचा. तो ताब्यात येताच कित्येकांचा ताल आपोआप सुधारतो.

घरचे डिजिटल बीपी मशीन बेताल नाडीत एका वेळी एक आकडा सांगते, दुसऱ्या वेळी दुसरा. ओळीने तीनदा घ्या आणि सरासरी लिहा.

दुसरी पायरी: गुठळीचा प्रश्न आधी सोडवा

वरचा कप्पा नुसता थरथरत राहिला की त्याच्या डाव्या बाजूच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साकळते. वझऱ्याच्या कडेला पाणी अडून राहते आणि तिथेच शेवाळ धरते, तसे. तिथे झालेली गुठळी सुटली तर बहुधा मेंदूकडे जाते. एएफमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो. ठोका जाणवतो की नाही याच्याशी या धोक्याचा संबंध नाही. आमच्याकडची वयस्क माणसे ‘माका काय होवक नाय’ म्हणतात आणि त्यांना खरेच काही जाणवत नसते. तरीही धोका तेवढाच राहतो.

हिशेब घरी बसून करता येतो. हृदय कमजोर असणे, ब्लडप्रेशर, मधुमेह आणि हृदयाच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार यांचा प्रत्येकी एक गुण. वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ किंवा पुढे असेल तर दोन. पूर्वी पक्षाघात झाला असेल, अगदी काही मिनिटांचा येऊन गेलेला असला तरी, दोन. जुन्या पद्धतीत स्त्रियांना एक गुण जास्त धरायचे; युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढला. बेरीज दोन किंवा जास्त आली तर रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी, एक आली तर डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि शून्य आली तर सहसा लागत नाही. आईचे वय सत्तरीच्या पुढे, शिवाय बीपी आणि साखर. तीन गुण झाले, आणि तिच्याबाबत हा प्रश्न तिथेच मिटला.

ॲस्पिरिन या कामाची नाही. ‘ती हलकी असते, तीच देतो’ असे अजूनही ऐकू येते. एएफमधली गुठळी ती नीट रोखत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र देते. हृदयात स्टेंट असेल तर ती वेगळ्या कारणासाठी चालू असू शकते. दोन्ही गोळ्या एकत्र किती दिवस चालवायच्या, हे स्पष्ट विचारून घ्या.

गोळ्या दोन प्रकारच्या आहेत. वॉरफरिन आणि ॲसिनोकुमरॉल या जुन्या. दुसरी आपल्याकडे ‘ॲसिट्रॉम’ नावानेच ओळखतात. यांच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा, तपासत राहावे लागते आणि तो दोन ते तीनच्या मध्ये हवा. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रॅन आणि एडॉक्साबॅन या नव्या. त्यांना आयएनआर लागत नाही आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका जुन्यांपेक्षा कमी असतो. पूर्वी त्या फार महाग होत्या, आता जेनेरिक मिळतात. जनऔषधी केंद्रात आधी विचारा.

पण एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद झाली असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर गुण मोजत बसायचे नाही आणि नवी गोळीही घ्यायची नाही. तिथे जुनीच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात सांध्यांच्या तापाने झडपा बिघडलेल्या एएफच्या रुग्णांत रिव्हरॉक्साबॅनची तुलना जुन्या गोळीशी केली, आणि जुन्या गोळीवरच्या लोकांत मृत्यू कमी झाले. गावागावांत अशी चाळिशी-पन्नाशीतली माणसे आहेत. कुणी ‘आयएनआरची कटकट नको’ म्हणून त्यांची गोळी बदलायला निघाले तर इकोचा कागद पुढे करा.

जुनी गोळी घ्यायची तर पहिला प्रश्न लॅबचा. आयएनआर कुठे होतो, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का आणि तो बघून डोस कोण सांगणार? एसटीने कणकवलीला जाऊन रक्त द्यायचे आणि रिपोर्ट चौथ्या दिवशी हातात पडायचा, अशी सोय असेल तर गोळी नीट चालणार नाही. दुसरा प्रश्न ताटाचा. पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. पावसाळा लागला की आपल्याकडे टाकळा, अळू, कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला रोज शिजतो आणि मग आयएनआर खाली येतो. भाज्या बंद करू नका. आठवड्यात साधारण सारख्याच खा आणि मृगाच्या सुमारास एक जादा तपासणी करून घ्या. कोणतेही अँटिबायोटिक सुरू झाले तर काही दिवसांत आयएनआर पाहायला हवा. मेट्रोनिडॅझोल आणि कोट्रायमोक्साझोल यांनी तो झपाट्याने वर जातो.

नव्या गोळीचे नियम वेगळे. डॅबिगॅट्रॅनची कॅप्सूल दमट हवेत खराब होते. ती घेण्याच्या वेळीच पाकिटातून काढायची, आठवड्याच्या डबीत भरून ठेवायची नाही आणि फोडून पाण्यात घालायची नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मीठ पाणी होते, तिथे हा नियम पाळायलाच हवा. रिव्हरॉक्साबॅन भरल्या पोटीच नीट शोषली जाते. श्रावणातले सोमवार, एकादशी, संकष्टी कडक पाळणाऱ्या माणसाला ती कधी घ्यायची हे आधी ठरवा, नाहीतर रोज दोनदा लागणारी पण जेवणावर अवलंबून नसलेली ॲपिक्साबॅन मागा. आईसाठी आम्ही तेच केले. ॲपिक्साबॅनचा डोस निम्मा करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. ‘म्हातारी आहे, अर्धीच देऊ’ असे करून चालत नाही. कमी डोसने रक्षण कमी होते आणि घरच्यांना मात्र गोळी चालू असल्याचे समाधान वाटत राहते.

नव्या गोळीचा असर दिवसभरात ओसरतो. दोन दिवस गोळी संपली आणि पूर आला म्हणून तालुक्याला जाता आले नाही, तर ते दोन दिवस माणूस उघडा पडतो. पावसाळ्यात घरात निदान तीन आठवड्यांचा साठा हवा. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत.

रक्तस्रावाची भीती खरी आहे आणि ती झटकून टाकायची नाही. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, न थांबणारे नाक, डोक्याला मार लागणे, यांतले काही झाले तर लगेच दवाखाना. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेऊ नका. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू आणि लेप्टो मनात धरून प्लेटलेट तपासा आणि गोळीचे नाव डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. आणि फुरसे. आपल्या कातळसड्यावर ते भरपूर आहे आणि त्याच्या विषाने रक्त गोठणेच थांबते. ही गोळी घेणाऱ्याला दंश झाला तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठा आणि गोळी चालू आहे हे तिथे आधी सांगा. नारळावर, आंब्यावर चढणे बंद. त्याबद्दल घरात वाद झाला तरी चालेल. ‘पडेल, म्हणून गोळीच नको’ हा विचार मात्र उलटा आहे. बहुतेक वयस्कांत पक्षाघाताचा धोका पडण्याच्या धोक्याहून मोठा असतो. ज्यांना गोळी खरेच घेता येत नाही, त्यांच्यासाठी तो कोपरा छोट्या उपकरणाने बंद करायचा उपाय आहे. तो मोठ्या केंद्रातच होतो.

तिसरी पायरी: गती आवरा

ताल परत आणायचा ठरला तरी गती आधी आवरावी लागते. ठोके आठवडेच्या आठवडे १३०-१४० वर राहिले तर चांगले हृदयही थकते आणि ईएफ पडतो. गती ताब्यात आली की असे हृदय पुष्कळदा सावरते, म्हणून ‘पंपिंग ३०’ ऐकून धीर सोडू नका.

मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल बहुधा आधी देतात. दमा असेल तर सांगा. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल चालते, पण पंपिंग कमी असेल तर नाही. डिगॉक्सिन स्वस्त आणि जुने. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते अंगात साठते. अन्न नकोसे होणे, उलट्या, नजरेला पिवळसर दिसणे ही त्याची लक्षणे. किती गती पुरे? २०१० च्या रेस-टू अभ्यासात विश्रांतीत ११० च्या आत ठेवलेले लोक ८० च्या आत ठेवलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. तेव्हा आधी ११० च्या आत आणा. दम किंवा थकवा उरला तर आणखी खाली.

चौथी पायरी: ताल परत आणायचा का?

इथे डॉक्टरांची मते वेगळी पडतात, आणि त्याला कारण आहे. २००२ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ४०६० रुग्णांचा ॲफर्म अभ्यास प्रसिद्ध झाला. गती आवरणारे आणि औषधांनी ताल राखणारे यांच्या आयुष्यात फरक पडला नाही. त्यानंतर बरीच वर्षे ‘गती आवरा, बाकी सोडा’ असेच चालले. २०२० च्या ईस्ट-एएफनेट अभ्यासात निदानाला वर्ष व्हायच्या आत ताल राखायचा प्रयत्न केलेल्या रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात आणि हृदयासाठी रुग्णालयात भरती या गोष्टी मिळून सुमारे एक-पंचमांशाने घटल्या. दोन अभ्यासांत अठरा वर्षांचे अंतर आहे. दुसऱ्यात लोक लवकर आले होते, ॲब्लेशनही हाताशी होते आणि बहुतेकांची रक्त पातळ करणारी गोळी चालू राहिली होती. ॲफर्ममध्ये ताल सुधारला म्हणून अनेकांची गोळी थांबवली गेली, आणि पक्षाघात झाले ते मुख्यतः गोळी थांबलेल्या किंवा आयएनआर कमी असलेल्या माणसांत. ताल जागेवर आला तरी दुसऱ्या पायरीचे गुण बदलत नाहीत. शॉकनंतर आणि यशस्वी ॲब्लेशननंतरही गोळीचा निर्णय त्या गुणांवरच होतो. या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे तर हे ठेवा.

मग प्रयत्न कुणी करावा? आजार वर्षाच्या आतला असेल, वय कमी असेल, दम-थकवा-धडधड रोजच्या कामात आडवी येत असेल किंवा पंपिंग कमी झाले असेल, त्यांनी नक्की विचार करावा. पंपिंग ३५ किंवा कमी असलेल्यांत ॲब्लेशन आणि औषधे यांची तुलना कॅसल-एएफ या २०१८ च्या अभ्यासात झाली. मृत्यू किंवा हृदय कमजोरीसाठी भरती हे औषधांच्या गटात ४४.६ टक्क्यांना झाले, ॲब्लेशनच्या गटात २८.५. वय जास्त, आजार कित्येक वर्षांचा, डावा कप्पा खूप मोठा आणि खरेच काही त्रास नाही, अशा माणसाला गती आवरून सुखात राहता येते.

‘खरेच त्रास नाही’ हे मात्र तपासून घ्या. माणसे हळूहळू कामे सोडतात आणि मग त्रास नाही म्हणतात. पूर्वी देवळापर्यंतची घाटी एका दमात चढणारी बाई आता रिक्षा करते का? खळ्यातून विहिरीपर्यंत जाताना मध्ये थांबते का? तीच घाटी तुमच्याबरोबर चढवा आणि पाहा. आईच्या बाबतीत आम्ही हे केले. ती संथ पण न थांबता चढली, कप्पा खूप मोठा होता, आणि तिलाच शॉक नको होता. मामा जेटीवरून बोटीत चढतानाच धापा टाकत होता, आजार नवा होता आणि पंपिंग उतरले होते.

शॉक, म्हणजे कार्डिओव्हर्जन, हा ताल परत आणायचा सर्वात छोटा मार्ग. काही मिनिटांची भूल देऊन छातीवर ठोक्याशी जुळवलेला विजेचा झटका देतात. त्याआधी निदान तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी एकही न चुकता झालेली हवी, नाहीतर अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही याची खात्री करावी लागते. नंतर निदान चार आठवडे गोळी सक्तीची. एखादी गोळी चुकली असेल तर लपवू नका, तारीख पुढे जाऊ द्या. बहुतेकांचा ताल त्याच क्षणी जागेवर येतो, पण वर्षभरात निम्म्याहून जास्त लोकांचा पुन्हा बिघडतो. तरी एक शॉक पुष्कळ शिकवून जातो. ताल नीट असलेल्या त्या आठवड्यांत माणसाला खरेच बरे वाटले का? वाटले तर ॲब्लेशनचा विचार करायला अर्थ आहे. फरकच पडला नाही तर एवढा खटाटोप का करायचा, हे विचारायला हवे.

ताल राखायच्या औषधांत ॲमिओडॅरोन सर्वात प्रभावी आणि सर्वात काळजीचे. थायरॉइड, फुप्फुसे, यकृत, डोळे या सगळ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि यकृताच्या चाचण्या करा, आणि नवा सुका खोकला किंवा दम आला तर लगेच सांगा. त्याने कातडी उन्हाला हळवी होते. समुद्रावर किंवा बागेत दिवसभर काम करणाऱ्याने पूर्ण बाहीचा सदरा आणि टोपी घालावी. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिनबरोबर ते सुरू झाले तर आयएनआर चढतो. डिगॉक्सिन चालू असेल तर त्याचा डोस साधारण निम्मा करावा लागतो. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना किंवा कमजोर हृदयाला देत नाहीत. सोटॅलॉलला मूत्रपिंड आणि ईसीजी यांवर लक्ष लागते.

ॲब्लेशनमध्ये मांडीच्या शिरेतून नळ्या घालून फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती चट्टे पाडतात, म्हणजे तिथून उठणारे चुकीचे संदेश कप्प्यात शिरत नाहीत. या शिराच एएफ पेटवतात हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवले. चट्टे उष्णतेने, गोठवून किंवा विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी पाडतात. पर्सिस्टंट एएफमध्ये यश येऊन-जाऊन असणाऱ्या एएफपेक्षा कमी. २०१५ च्या स्टार-एएफ-टू अभ्यासात फक्त शिरांभोवती चट्टे पाडलेल्या ५९ टक्के लोकांचा एएफ दीड वर्षात परतला नाही. कप्प्यात आणखी चट्टे पाडलेल्यांचे आकडे त्याहून कमीच आले. म्हणून दुसऱ्यांदा करावे लागू शकते, हे धरूनच चाला. पैशाचा हिशेबही तसाच मांडा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान भारतमध्ये तुमची प्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा.

हृदयाभोवती रक्त साचणे, पक्षाघात, मांडीतून रक्तस्राव हे धोके प्रक्रियेच्या वेळी किंवा लगेच नंतर येतात आणि अनुभवी केंद्रात ते थोडे असतात. माझी खरी काळजी घरी परतल्यानंतरची आहे. क्वचित, पण दोन महिन्यांपर्यंत केव्हाही, भाजलेल्या कप्प्यातून अन्ननलिकेपर्यंत छिद्र पडू शकते. ताप, गिळताना दुखणे, छातीत दुखणे, हातपाय अचानक लुळे पडणे ही त्याची चिन्हे. असे झाले तर तोंडातून दुर्बीण घालायची नाही. त्यातली हवा मेंदूत जाऊ शकते. आधी छातीचा सीटी स्कॅन. गावातल्या डॉक्टरांना हे रोज दिसत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर या सूचना आणि चोवीस तास चालणारा फोन नंबर लिहूनच घ्या. पहिले काही दिवस मोठ्या शहरातच नातेवाइकांकडे थांबा, आणि घाटातून दुचाकीवर तर मुळीच येऊ नका. सुरुवातीचे दोन-तीन महिने ताल मधूनमधून बिघडू शकतो. तेवढ्यावरून ॲब्लेशन फसले असे ठरवायचे नाही.

कुठे जायचे? आपल्याकडची माणसे गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला किंवा मुंबईला जातात. मी मोठ्या नावापेक्षा तीन उत्तरे पाहीन. एएफचे ॲब्लेशन तिथे नियमित होते का, करणारे डॉक्टर ठोक्यांच्या विजेचे तज्ज्ञ आहेत का, आणि नंतरची तपासणी फोनवर आणि जवळच्या फिजिशियनमार्फत होईल का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ आले तर पावसाळ्यात दर महिन्याला घाट ओलांडायची तुमची तयारी हवी.

गती कशानेच आवरत नसेल तर मधली गाठ कायमची बंद करून पेसमेकर बसवतात. माणसाला बरे वाटते, पण त्यानंतर तो पूर्ण पेसमेकरवर अवलंबून राहतो आणि गोळी चालूच राहते. वयस्कांसाठी चांगला, पण शेवटी ठेवायचा मार्ग.

पाचवी पायरी: कोणताही मार्ग घ्या, हे सोबत करा

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या २०१५ च्या लेगसी अभ्यासात जाड माणसांपैकी ज्यांनी वजन निदान एक-दशांशाने उतरवले आणि उतरलेले टिकवले, त्यांचा ताल टिकण्याची शक्यता सहापट झाली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातच नियमित पिणाऱ्या १४० जणांची पाहणी झाली. दारू सोडलेल्यांपैकी ५३ टक्क्यांचा एएफ परतला, न सोडलेल्यांपैकी ७३ टक्क्यांचा. काजूच्या हंगामातला हुर्राक ‘घरचा आहे, बाधत नाही’ असे म्हणतात. हृदयाला तो दारूच असतो. मामाला हे पटायला ॲब्लेशनपेक्षा जास्त वेळ लागला. सुकी मासळी, पापड, लोणचे यांचे मीठ बीपीवर आणि कमजोर हृदयावर बसते. रात्री जोरात घोरून मध्येच श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करा. तो आजार तसाच राहिला तर ॲब्लेशननंतरही एएफ परतायची शक्यता वाढते. चहा-कॉफी बेताने चालते.

निर्णयाच्या दिवशी

गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले, पाच दिवसांत घरात मते पडली आणि अनंत चतुर्दशीच्या आत तारीखही घेतली, असे करू नका. ज्याचे हृदय आहे त्याला आधी एकट्याला विचारा: तुला काय परत हवेय? बोटीवर जायचे आहे, की रात्री नीट झोपायचे आहे? उत्तर वेगळे असेल तर उपचारही वेगळा असतो. डॉक्टरांकडे जाताना ईसीजी, इकोचा रिपोर्ट, चालू औषधांची पाकिटे, आठवड्याच्या नाडीची नोंद आणि दुसऱ्या पायरीतले गुण एका पिशवीत घ्या. ‘तुमच्या आईला असते तर काय केले असते?’ असे विचारण्यापेक्षा ‘हे केले नाही तर पुढच्या वर्षभरात काय होईल?’ असे विचारा. त्याचे उत्तर जास्त उपयोगी पडते.

चेहरा एका बाजूला वाकडा, हात खाली पडतो, बोलणे अडखळते, यांतले काहीही अचानक दिसले तर १०८ लावा आणि सुरू झाल्याची वेळ लिहा. गुठळी विरघळवायचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. जवळचे सीटी स्कॅन असलेले रुग्णालय कुठले, हे आजच शोधून फ्रीजवर चिकटवा. रक्त पातळ करणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली, हेही सांगावे लागेल.

दात काढायचा असेल, मोतीबिंदू असेल, कुठलीही शस्त्रक्रिया असेल तर गोळी आपण होऊन थांबवायची नाही. बऱ्याच छोट्या कामांसाठी ती थांबवावीच लागत नाही. नव्या गोळीवर असणाऱ्यांनी वर्षातून निदान एकदा क्रिएटिनिन करून क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड किती काम करते तो आकडा, काढून घ्यावा. तो ६० पेक्षा कमी असेल तर त्या आकड्याला दहाने भागा. क्लिअरन्स ४० आला तर दर चार महिन्यांनी तपासणी. त्या तारखा कालनिर्णयावर वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा.